फोनला न कळणारं बोट

अप्पा, आईचं बोट फोनला कळत नाही. एवढ्यावरून तुम्हाला काही उमगणार नाही, म्हणून आधी फोनचं सांगते. तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात तो लाल फोन होता, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला, आणि नंबर फिरवायला तुम्ही पेन्सिलीचं मागचं टोक वापरायचात, कारण बोटांना सदा मेण लागलेलं. त्या फोनला कशाचंच वावडं नव्हतं. पेन्सिल घाला, चमच्याचा दांडा घाला, गुमान फिरायचा. आताचा फोन म्हणजे तळहाताएवढी नुसती काच. चकती नाही, बटणं नाहीत. काचेच्या आत किंचितशी वीज खेळत असते, बोट टेकलं की त्यातली जराशी आपल्या अंगाकडे ओढली जाते, आणि तेवढ्यावरून काचेला कळतं की हात कुठे लागला. लाकूड टेकवा, नख टेकवा, प्लास्टिक टेकवा, ढिम्म. माणसाचं बोट लागतं, नाहीतर बोटासारखं वीज ओढून घेणारं दुसरं काहीतरी.

आणि हे दुसरं काहीतरी बनवणं हीच माझी नोकरी. व्हाइटफील्डला आमची एक प्रयोगशाळा आहे, तिथे आम्ही नव्या फोनांच्या काचा तपासतो. त्यासाठी खोटी बोटं लागतात. पितळी दांडी, तिच्या टोकाला काळं रबर, आणि एक यंत्र ती दांडी दिवसभर काचेवर टेकवतं, उचलतं, पुन्हा टेकवतं. बोट किती जाड असावं, किती दाबावं, ओलं असलं तर काय, ह्या सगळ्याचा हिशेब माझ्याकडे. कुणी गिऱ्हाइकाने विचारलं असतं, "लेक काय करते?" तर तुम्ही म्हणाला असतात, "बोटं करते," आणि वर मिशीत हसला असतात. हसा. पण ते रबरी बोट काचेला पहिल्या झटक्यात कळतं आणि माझ्या सख्ख्या आईचं कळत नाही, ह्याला काय म्हणायचं? जन्मभर तिने आपल्या पटवेकऱ्याच्या दुकानात तुमच्या शेजारी बसून मेण लावलेलं रेशीम ओढलं, ठुशा गाठवल्या, गोंडे वळले. बोटांची टोकं कडक, गुळगुळीत, कोरडी झाली. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उठत नाही ते नाहीच, आता फोननेही तोंड फिरवलं.

नुसती गैरसोय असती तर मी पत्र लिहायला बसले नसते. आई अजून चामराजपेटच्या आपल्या घरातच राहते, एकटी. पुढचं दुकान एका मोबाईलवाल्याला दिलंय, मागच्या दोन खोल्या तिच्या. धाकट्याने देवनहळ्ळीच्या बाजूला घर बांधलंय, पूर्वी जिथे द्राक्षांचे मळे होते तिथे. ऐसपैस आहे, आईसाठी खालची खोली ठेवलीय, न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत. मुलगा वाईट नाही हो. उलट फार चांगला आहे, आणि तोच डोक्याला ताप आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तो तिला फोन करतो. तिने उचलला नाही की त्याला नाही नाही ते दिसायला लागतं. एकदा असाच उचलला गेला नाही, तर तो कामावरून उठून अख्खं बेंगळुरू आडवं ओलांडून आला, दार बडवलं, आणि दार उघडंच होतं. आत आई फरशीवर पाय पसरून अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसलेली, आणि मांडीवर फोन कोकलतोय.

"आई! फोन वाजतोय!"

"वाजतोय की. मी काय बहिरी आहे? दाबतेय मघापासून, तो ऐकत नाही."

त्याच दिवशी त्याने मला सांगितलं, "अक्का, जर युगादीच्या पाडव्यापर्यंत तिने माझे फोन नीट उचलले नाहीत, तर मी तिला घेऊन जाणार. चर्चा नको." तुमची आठवण झाली. दुकानाच्या काठावर बसून एखादी बाई गोंड्याच्या जरीबद्दल विचारायची, "अहो, जर उद्या काळी पडली तर?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "जर आमची, तर तुमचं." तिला ते कळायच्या आत गोंडा हातात असायचा. धाकट्याला मात्र जर-तर दोन्ही स्वतःकडे हवंय.

आईला जायचं नाही. तिने आदळआपट केली नाही, एकदाच सांगितलं. "तिकडे मी पाहुणी होणार. सुनेच्या ओट्यावर मीठ कुठे, साखर कुठे, विचारत फिरणार. इथे मला अंधारात डबे सापडतात." बस, एवढंच. पण हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, देव्हाऱ्याकडे बघत होती. म्हणजे गंमत बघा, आई कुठे राहणार हे तिच्या बोटाच्या कातडीवर येऊन ठेपलं, आणि बोटं करणारी मी तिचीच लेक.

साधा बटणांचा फोन घेऊन द्या की, असं तुम्ही म्हणाल. होता. बिघडला, आणि दुसरा तिला नको. त्यात नातीचं तोंड दिसत नाही. मग मी फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय करून दिली. दुसऱ्याच दिवशी आई न्हाणीघरात असताना फोनने स्वतःहून धाकट्याचा फोन उचलला. त्याला नुसतं रिकाम्या स्वयंपाकघराचं छत दिसलं आणि कुकरची शिट्टी ऐकू आली. तो बिचारा "आई, आई" करून ओरडत बसला. ती सोय मी गपचूप काढून टाकली.

आईने आपल्या परीने काय काय केलं ते सांगते. पहिल्यांदा तिने बोट जिभेला लावलं. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओलं करायची सवय, तीच इथे. काचेवर थुंकीचा ठिपका पडला आणि फोन वेड्यासारखा वागायला लागला. टॉर्च लागला, तिच्या हनुवटीचा फोटो निघाला, नळदुरुस्तीवाल्याला फोन लागला. "हा कोण बोलतोय कन्नडमध्ये?" म्हणून तिने मला विचारलं, आणि वर त्याच्याशी पाच मिनिटं बोललीसुद्धा, कारण नळ खरंच गळत होता. मग एका रविवारी मी घरी गेले तर आई ओट्यापाशी उभी, फोन उताणा ठेवलेला, आणि हातात छोटंसं यालक्की केळं. धाकट्याचा फोन आला. तिने केळ्याच्या बुडाने हिरवा गोल वर ढकलला, आणि पलीकडून त्याचा चेहरा उमटला.

"आई, हे काय?" मी म्हटलं.

"केळं."

"ते दिसतंय मला. फोनला केळं का?"

"चालतं. नवलकोलपण चालतो, पण जड होतो."

चालतं, अप्पा. का चालतं ते मी सांगू शकते, केळ्यात पाणी असतं, वीज वाहते, आमच्या प्रयोगशाळेत कुणाला नवल वाटणार नाही. पण पलीकडे धाकट्याने केळं पाहिलं, आणि त्याचं तोंड उतरलं. आधी तो हसला, मग एकदम म्हणाला, "उद्या पडलीस न्हाणीत तर केळं शोधत बसणार आहेस का?"  फोन ठेवल्यावर आईने केळं सोललं आणि खाल्लं, आणि मला म्हणाली, "बघ, आता संध्याकाळपर्यंत काही नाही हातात." मी हसले, तीही हसली, पण म्हणणं त्याचंच खरं होतं.

मग मी माझ्या कामातली अक्कल चालवली. प्रयोगशाळेतल्या रबराची छानशी टोपी केली, तिच्या बोटाच्या मापाची. उत्तम चालत होती. आईने चार दिवस घातली आणि काढून ठेवली. भाजीवालीने विचारलं, बोट कापलं का. शेजारणीने विचारलं, नखुर्डं झालं का. मोबाईलवाला अण्णा तर आत येऊन मलम देऊन गेला. "दिवसभर सगळ्यांना काय सांगत बसू, की बाई, माझं बोट मेलंय?" असं म्हणाली ती. मी चिडले. म्हटलं, लोकांसाठी घर सोडणार आहेस का? ती म्हणाली, "घर लोकांसाठीच आहे गं. लोक नसते तर मी देवनहळ्ळीला गेले असते."  मी पर्स उचलली आणि निघाले.

जरीचं माझ्या डोक्यात आलं ते परतीच्या मेट्रोत. समोर एका बाईच्या साडीचा काठ चमकत होता, आणि मला वाटलं, आपण किती मूर्ख. खरी जर म्हणजे काय? रेशमावर गुंडाळलेली तार, तांब्याची, चांदीचा मुलामा दिलेली. तार म्हणजे वीज. तिची अंगठी करावी, गोंडा करावा, कुणी विचारणार नाही काय झालं म्हणून. आणि आपल्या घरात जर कमी आहे का! पोटमाळ्यावर बिस्किटाचा डबा भरून रिळं पडलीत तुमची.

आता इथे तो दिवस आला, त्याला मी तरी काय करू. मी शाळेत होते, नववीत बहुतेक. तुम्ही मला पहिल्यांदाच एकटीला जर आणायला चिकपेटच्या व्यापाऱ्याकडे पाठवलंत. मी सगळ्यांत झळझळीत दिसलं ते रीळ आणलं. दुकानात तीन-चार बायका बसलेल्या. तुम्ही रिळाचं टोक काढलंत, समईच्या ज्योतीवर धरलंत. ते आक्रसतं, त्याचा काळा मणी होतो, प्लास्टिकचा घाणेरडा वास सुटतो. तुम्ही तो मणी माझ्या तळहातावर ठेवता. अजून ऊन आहे. "डोळ्यांना भुललीस," तुम्ही म्हणता, "ही असली जर ज्या घरात शिरते त्या घरात पटवेकरी राहत नाही, दुकानदार राहतो." आवाज चढवत नाही तुम्ही, आणि तेच वाईट. बायका माझ्याकडे बघतायत. मी आत जाऊन आईच्या पदरात तोंड खुपसते. दसऱ्यापर्यंत मी दुकानाची पायरी चढले नाही. पण नंतर, कॉलेजला गेल्यावर, हाच अपमान मी मैत्रिणींना छाती फुगवून सांगायला लागले. आमचे वडील असे आहेत. आमच्याकडे खोटी जर येत नाही. फार मिरवलं मी ते, अप्पा.

तर डब्यातलं एक रीळ मी व्हाइटफील्डला नेलं. तुमच्या शेवटच्या वर्षांतलं असणार, अजून नव्यासारखं चमकत होतं, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जर बोटाला गुंडाळली, काचेवर टेकवली. काही नाही. दाबली. काही नाही. वीज जाते का ते बघायचं मीटर लावलं, तार असेल तर ते टीं करतं. मुकं. मला वाटलं मीटर बिघडलं. माझ्या स्वतःच्या किल्लीला लावलं, टीं. दुसरं रीळ आणलं, तिसरं आणलं. मुकी. शेवटी खाली पार्किंगमध्ये जाऊन काडी ओढली आणि टोक धरलं. आक्रसलं, काळा मणी झाला, तोच वास. वॉचमन विचारत होता, मॅडम, क्या जल रहा है. 

मला तुमचा राग आला. स्पष्टच लिहिते. इतका आला की मी दुपारची कामं टाकून सरळ चामराजपेटला गेले. वाटेत मी तुम्हाला वाटेल ते बोलले, मनातल्या मनात, आणि एकदा मोठ्यानेही, कारण ऑटोवाल्याने आरशातून बघितलं. लोकांच्या ठुशांना, बाजूबंदांना तुम्ही प्लास्टिक लावलंत आणि माझ्या तळहातावर मणी ठेवलात, असं मला वाटत होतं. आई वरवंटा धूत होती. मी रीळ तिच्यासमोर ठेवलं.

"ही खोटी आहे."

"सरी, बरं. मग?"

"मग काय मग! अप्पांच्या डब्यातली आहे. सगळी रिळं खोटी आहेत."

"अगं, ती प्लास्टिकची ना? बरीच वर्षं तीच होती." तिने हात पुसले. "खरी काळी पडते. पूर्वी बायका काळी पडली की आणून द्यायच्या, गोंडा बदलून न्यायच्या. मग कुणाला वेळ राहिला नाही. सगळ्यांना चमकतं राहणारं पाहिजे झालं. हे दोन वर्षं अडून बसले. गिऱ्हाईकच येईना. मग आणली."

"आणि लोकांना खरी म्हणून दिली."

आईचा चेहरा असा झाला की मी जीभ चावली. "तोंड सांभाळून बोल हां," ती म्हणाली. "प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून दिली त्यांनी. ही प्लास्टिकची, काळी पडणार नाही, पाहिजे तर घ्या, नको तर खरी मागवतो. म्हाताऱ्यांना ओरडून सांगायचे, ऐकू येत नाही म्हणून. अख्ख्या पेटेला ठाऊक होतं."

"मला नव्हतं."

आईला हसू फुटलं. आवरेना तिला. "तुला कसं ठाऊक असणार! तू दिवाळीला यायचीस, दुकानात ऐटीत बसायचीस, आणि आल्या-गेल्याला लेक्चर द्यायचीस, आमच्याकडे खोटी जर शिरत नाही म्हणून. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आत्ताच ह्यांनी सांगितलेलं असायचं त्यांना! हे माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, अहो, सांगून टाका पोरीला. तर म्हणायचे, राहू दे स्वल्प, पुढच्या खेपेला सांगतो. चारचौघांत तिच्या हातावर मणी ठेवलाय मी, आता कुठल्या तोंडाने सांगू?" आणि मग हसणं थांबवून ती म्हणाली, "पुढची खेप आलीच नाही, काय करतील ते."

मी ओट्यावर बसले. आधी रडू आलं, मग त्या बायका आठवल्या, पदर तोंडाला लावून बसलेल्या, आणि मलाही हसू यायला लागलं. मी त्यांना समजावून सांगत होते हो, खरी जर कशी ओळखायची ते! एकीला तर मी तिच्याच ठुशीचा गोंडा दाखवून सांगितलं होतं, ही बघा, ही खरी. तुम्ही खाली मान घालून दोरा ओढत होतात. मला वाटलं, विनय. मला राग आला तो जरीचा नव्हताच, हे तिथे बसल्यावर कळलं. सगळ्या पेटेला सांगितलंत आणि एका मला नाही, ह्याचा होता. अजून थोडा आहे. जाईल.

आईने तोवर देव्हारा उघडला होता. देवीच्या गळ्यातली ती काळी पडलेली पोत तुम्हाला आठवते, मणी तुम्हीच गाठवलेले. तिने ती उतरवली. "ही खरी. तिच्याशी खोटेपणा करायची छाती नव्हती त्यांची. बघ तुझं ते टीं होतं का." मी मीटर लावलं. झालं, टीं. आईला तो आवाज इतका आवडला की तिने माझ्या हातून मीटर घेऊन तवा, पळी, स्वतःची पाटली आणि तुळशीचं पान, सगळ्यांना लावून पाहिलं. मग कात्री घेतली आणि पोतीची दोरी कापायला लागली.

"आई! देवीची आहे ती!"

"तिला काय फोन उचलायचाय?"

मणी वाटीत काढले, आणि आम्ही दोघींनी मिळून देवीची पोत तुमच्या त्या चमकत्या प्लास्टिकच्या जरीत पुन्हा गाठवली. "तिला चमकतं आवडेल," आई म्हणाली, आणि खरं सांगू, दिसतेही छान. काळी जर सुटी केली, आणि आईने तिची गुंडी वळली, हरभऱ्याएवढी, घट्ट, वर एक छोटं कडं, बोटात घालायला. डोळे आता तितकेसे चालत नाहीत तिचे, पण गुंडी वळायला ती बघत नाहीच. पहिल्यांदा फोनला काही कळलं नाही. आई म्हणाली, झालं, हीपण खोटी. मी म्हटलं, थांब. कडं टोकाशी होतं, कडक कातडीवर. ते मी खाली सरकवलं, मधल्या पेरावर, जिथे कातडी मऊ आहे, आणि गुंडी बोटाच्या पोटाखाली आली. तिने गुंडी काचेवर टेकवली. हिरवं, निळं, सगळं उघडलं. तिने नातीचा फोटो मोठा केला, लहान केला, मोठा केला. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "तिचे दात वाकडे येतायत. धाकट्याला सांग."

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. तिसरी घंटा व्हायच्या आत तिने उचलला. पलीकडे त्याने फोन डोळ्यांजवळ आणला. "उचललास?" असं विचारलं त्याने. "मग काय, तू यायची वाट बघू?" आई म्हणाली. पुढे युगादीपर्यंत त्याने वेळी-अवेळी फोन करून बघितलं. सकाळी लवकर, भर दुपारी, ती देवळात असताना. "परीक्षा घेतोय मेला," आई म्हणायची आणि उचलायची. भाजीवालीने गुंडी पाहिली आणि विचारलं, कुठे मिळते. मोबाईलवाला अण्णा म्हणाला, अम्मा, माझ्या दुकानात ठेवा, खपतील. युगादीला सगळे आले. आईने पुरणाचे ओबट्टू केले होते. धाकट्याने कडुनिंब-गूळ तोंडात टाकला, तिचा हात हातात घेतला, गुंडी फिरवून पाहिली. "अप्पांचं काम?" त्याने विचारलं. "माझं," आई म्हणाली. ती परत तिच्या बोटाखाली सरकवली. मग म्हणाला, "सरी. राहा. पण उचलत जा." डोळे पुसायला तो बाहेर गेला आणि अण्णाशी काचांच्या भावाबद्दल बोलत उभा राहिला. न्हाणीत दांडे मात्र त्याने इथेही बसवून घेतलेत.

म्हणजे आई आपल्या घरात राहिली. हे तुम्हाला कळवायचं होतं, आणि जरीबद्दल भांडायचं होतं. हे सगळं मी फोनवरच लिहितेय, बोटाने, काचेवर, कंपनीच्या गाडीत बसून. खाली 'पाठवा' असं लिहिलेलं आहे. कुणाला पाठवू, ह्या फोनमध्ये तुमचा नंबर कधी नव्हताच.

पण एक राहिलं. गुंडी झाल्यापासून आई नुसती फोन उचलत नाही, करतेही. आधी कधी करता यायचं नाही, आता जमतं, तर दिवसातून केव्हाही करते. नळ पुन्हा गळतोय. अवरेकाळूचा हंगाम संपला. अण्णाच्या बायकोला दिवस गेलेत. काही काम नसतं, नुसतं बोलायचं असतं तिला, आणि बोलून झालं की पुन्हा पहिल्यापासून. धाकट्याशी ती एवढं बोलत नाही, माझ्याशीच. काल दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी जेवून खिडकीशी बसले होते. समोर काचेवर तिचं नाव आणि तो हिरवा गोल. मी बघत राहिले. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा आला, पुन्हा बंद झाला. संध्याकाळी मी तिला फोन करून सांगितलं की मिटिंगमध्ये होते. ती म्हणाली, "असू दे गं, मला वाटलंच कामात असशील."

मी कामात नव्हते, अप्पा.